भिलाईत घर बघताना आधी हद्द विचारा

मुलगी-जावई भिलाईत, आईवडील नागपुरात नाहीतर अमरावतीत. साठी-सत्तरी उलटली की 'आता इकडेच या' असा आग्रह सुरू होतो. विदर्भातल्या माणसाला भिलाई तशी परकी नाही. भिलाई ज्यात येते त्या दुर्ग जिल्ह्याचीही राजधानी 1956 पर्यंत नागपूरच होती. 2 फेब्रुवारी 1955 ला सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 ला पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी केलं, आणि देशभरातून माणसं इथे नोकरीला आली. त्यांत मराठी कुटुंबंही होती. त्यामुळे गणपतीत आरतीला सोबत मिळेल का, ही काळजी करू नका. काळजीपूर्वक ठरवायचं आहे ते वेगळंच : घर नेमकं कुठे घ्यायचं?

एक शहर, अनेक धनी

पुण्या-नागपुरात आपण वस्ती बघतो आणि भाव विचारतो. भिलाईत त्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो : ही जागा कोणाच्या हद्दीत येते? कारखान्याच्या टाउनशिपमध्ये रस्ता, पाणी, वीज हे सगळं भिलाई पोलाद कारखाना पाहतो. त्याबाहेर भिलाईचं नगर निगम, म्हणजे महानगरपालिका. रिसालीचं निगम अलीकडे भिलाईतून वेगळं झालं. पूर्वेला भिलाई-चरोद्याचं निगम निराळं, पश्चिमेला दुर्गचं निराळं. त्याशिवाय खासगी बिल्डरांच्या वसाहती आणि गृहनिर्माण मंडळाच्या कॉलन्या आहेतच. नळ आटला, रस्त्यावरचा दिवा गेला, गटार तुंबलं तर कोणाचं दार ठोठावायचं, याचं उत्तर दोन रस्त्यांच्या अंतराने बदलतं. तिशीतला माणूस चार कार्यालयं फिरतो. पंच्याहत्तरीत तेवढं फिरणं होत नाही, म्हणून हे आधी माहीत असायला हवं.

नकाशा मनात बसवायला दोन रेषा पुरतात. मुंबई-हावडा रेल्वेमार्ग आणि त्याच्या उत्तरेला जवळजवळ समांतर जाणारा जीई रोड. रुळांच्या दक्षिणेला टाउनशिपचे सेक्टर. जीई रोडच्या उत्तरेला सुपेला, नेहरूनगर, स्मृतिनगर, कोहका, जुनवानी.

टाउनशिप : मोठी सावली, किचकट कागद

सेक्टर 1 ते 10 म्हणजे आखून वसवलेलं गाव. रुंद रस्ते, जुनी झाडं, जवळ बाजार, सिव्हिक सेंटर. पत्ता सेक्टर, स्ट्रीट आणि क्वार्टर नंबर असा, त्यामुळे रिक्षावाल्याला समजावत बसावं लागत नाही. तांदुला धरणाच्या कालव्याचं पाणी मरोदा जलाशयात साठवलं जातं आणि ते कारखान्यालाही लागतं, त्यामुळे या पाण्याकडे व्यवस्थापनाचं लक्ष असतं. संध्याकाळी पायी फिरायला यापेक्षा बरी जागा शहरात सापडणं कठीण.

पण इथली बरीच क्वार्टरं स्वतःच साठी ओलांडलेली आहेत. छत, वायरिंग आणि पाण्याची टाकी पावसाळ्यानंतर बघा. दुरुस्तीचा खर्च किमतीत धरा.

खरी मेख मालकीत आहे. जमीन कारखान्याची. या शतकाच्या सुरुवातीला कारखान्याची मालक कंपनी सेलने बरीच क्वार्टरं कर्मचाऱ्यांना आणि निवृत्तांना दीर्घ मुदतीच्या लीजवर दिली. म्हणजे 'विकायचं आहे' असं कोणी सांगितलं, तरी तुम्हाला मिळणार ते लीजचे उरलेले हक्क, फ्लॅटची मालकी नव्हे. बयाणा देण्याआधी चार गोष्टी विचारा : लीज डीड नोंदणीकृत आहे का? मुदत किती उरली आणि नूतनीकरणाची अट काय? हस्तांतराला कारखान्याच्या नगर सेवा विभागाची लेखी परवानगी मिळाली आहे का? आणि मूळ लीजधारक हयात नसेल, तर वारसांच्या नावाची नोंद झाली आहे का? यातलं एकही उत्तर 'होऊन जाईल' असं मिळालं, तर पैसे खिशातच ठेवा. आपल्या पश्चात मुलांनी हेच कागद उपसायचे आहेत.

जीई रोडपलीकडे : मालकी स्वच्छ, पाण्याची चौकशी हवी

नेहरूनगर ही निवृत्तांची जुनी पसंती. स्मृतिनगर आणि जुनवानी रस्त्याकडे नवी घरं, लिफ्ट असलेले फ्लॅट मिळतात. इथे रजिस्ट्री बहुधा स्वतःच्या नावाने होते, म्हणून वकिलाचं काम सोपं. नवा प्रकल्प असेल तर छत्तीसगढ रेराचा नोंदणी क्रमांक तपासा.

प्रश्न पाण्याचा. निगमचं पाणी शिवनाथ नदीचं. ती जलवाहिनी या गल्लीत पोचली आहे की सगळं बोअरवेलवर चाललंय? दलालाला विचारू नका, शेजारच्या घरी जाऊन विचारा : 'मे में टँकर मंगाना पडता है क्या?' याचं उत्तर कोणी लपवत नाही.

दुसरी गोष्ट अंडरब्रिज. उत्तरेकडून टाउनशिपमध्ये जायचं तर रूळ ओलांडावे लागतात. जोरदार पाऊस झाला की रुळांखालच्या वाटेत पाणी साचू शकतं. तुमचा दवाखाना, मुलीचं घर आणि तुमचं घर रुळांच्या एकाच बाजूला आहेत का, हे कागदावर मांडून बघा. नसतील तर उड्डाणपुलाचा रस्ता किती लांब पडतो, तेही रिक्षाने जाऊन बघा.

मधल्या जागा

रुआबांध्याजवळ तालपुरी ही गृहनिर्माण मंडळाची मोठी वसाहत आहे. टाउनशिप जवळ आणि घर कारखान्याच्या लीजपलीकडचं, असा हा मध्यम मार्ग. रिसाली आणि मरोद्याकडे घरं तुलनेने स्वस्त मिळतात, पण ज्या गल्लीत घर तिथली हद्द नीट विचारा. रेल्वेची सोय आणि जुन्या शहराची चहलपहल हवी असेल तर दुर्गमधलं पद्मनाभपूर बघा. दुर्ग जंक्शनवर मुंबई-पुण्याकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्या थांबतात. डिसेंबर 2022 पासून बिलासपूर-नागपूर वंदे भारतही दुर्गला थांबते, त्यामुळे नागपूरचं लग्नकार्य चुकत नाही.

दवाखाना किती मिनिटांवर

सेक्टर 9 मधलं जवाहरलाल नेहरू रुग्णालय कारखान्याचं. कर्मचाऱ्यांसाठीचे नियम वेगळे आणि बाहेरच्यांसाठीचे वेगळे, म्हणून तुम्ही कोणत्या गटात बसता हे तिथल्या खिडकीवर जाऊन विचारून घ्या. मोठ्या आजाराला एम्स रायपूर. ते टाटीबंधला, म्हणजे रायपूरच्या भिलाईकडच्याच टोकाला आहे, त्यामुळे शहर ओलांडावं लागत नाही. सत्तरी पूर्ण झाली असेल तर ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान योजनेत वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. त्यासाठीचं 'वय वंदना' कार्ड आधारवर निघतं. ते निघण्याआधीच, घरापासून जवळच्या कोणत्या रुग्णालयात ते चालतं याची यादी बघून ठेवा.

एक उन्हाळा, एक पावसाळा

विकत घेण्याआधी वर्षभर भाड्याने राहा. मे महिन्यात नवतपाचं कडक ऊन पेटलं की वरच्या मजल्याची पश्चिमेकडची खोली काय होते, ते कळेल. कूलरला पाणी पुरतं का, वीज किती वेळा जाते, तेही कळेल. पावसाळ्यात गल्ली आणि अंडरब्रिज कळतील. सकाळी 6, दुपारी 2 आणि रात्री 10 या शिफ्टच्या वेळा. कारखान्याच्या गेटकडे जाणाऱ्या रस्त्यावर घर असेल, तर या वेळांना दारात उभं राहून वाहनांचा ओघ बघा. रविवारी सुपेल्याच्या बाजारातून भाजीची पिशवी घेऊन पायी घरी या. गुडघे काय सांगतात, त्याला सल्लागाराच्या मतापेक्षा जास्त किंमत द्या.

तोवर नागपूरचं घर विकू नका, भाड्याने द्या. आधारवरचा पत्ता, मतदार यादी आणि बँकेतला पत्ता मात्र लगेच बदला. सरकारी पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात लागतो, तो आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. पीएफच्या पेन्शनसाठी तर जानेवारी 2025 पासून कोणत्याही बँकेची शाखा चालते.

वर्ष संपल्यावर तुमच्याकडे दोन याद्या असतील : कोणत्या कामासाठी कोणाकडे जायचं, आणि कुठे पायी जाता येतं. पहिली यादी ज्या घराला सगळ्यांत छोटी आणि दुसरी सगळ्यांत मोठी, ते घर घ्या. मुलीच्या घरापासून ते दोन किलोमीटर लांब निघालं तरी चालेल. रोजच्या कामांसाठी तिला फोन करावा लागणार नाही, आणि ती येईल तेव्हा गप्पा मारायला येईल.