परदेशातील वजन घटवण्याची शस्त्रक्रिया : मेडिक्लेम आणि आयकराचा हिशेब

कपड्याच्या धंद्यात गादीवर बसून बसून अंग सुटते, हे आमच्या व्यापारी बांधवांना वेगळे सांगायला नको. आमचे धाकटे भाऊ याच गादीवर वाढले आणि पंचेचाळिशीत १२८ किलोंवर पोहोचले. उंची १६८ सेंटिमीटर. जोडीला मधुमेह, इन्सुलिन घेऊनही साखर आटोक्यात येईना. डॉक्टरांनी जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया सुचवली आणि २०२३ साली भाऊ ती इस्तंबूलला जाऊन करून आले. शस्त्रक्रिया चांगली की वाईट हे डॉक्टरांनी सांगावे. आम्हाला सांगायचे आहे ते पैशांचे. सहा वर्षे न चुकता प्रीमियम भरलेली पॉलिसी कपाटात असताना एक रुपयाही परत मिळाला नाही.

इस्तंबूलच का, तर तिथे हॉस्पिटल, हॉटेल, विमानतळावरची गाडी सगळे एका आकड्यात मिळत होते. इथे ऑपरेशन थिएटर वेगळे, भूलतज्ज्ञ वेगळे, स्टेपलरचे सामान वेगळे. व्यापारी माणसाला एकच भाव आवडतो. त्यात पॉलिसी विकणारा एजंट म्हणाला, "भाई, पावत्या जपून आणा, क्लेम बसवून देतो." तिकीट धरून सगळे मिळून पाच लाखांच्या आसपास गेले. परत आल्यावर फाईल पाठवली. पंधरा दिवसांत उत्तर आले, भारताबाहेरील उपचार पॉलिसीत समाविष्ट नाहीत. एजंट म्हणाला, नियम बदलला असेल. नियम बदलला नव्हता, पॉलिसीत तो पहिल्यापासून छापलेला होता. ठरावीक मेडिक्लेम पॉलिसी भारतातल्या उपचारापुरतीच असते. विमानाच्या तिकिटाबरोबर घेतलेला प्रवास विमाही इथे उपयोगी पडत नाही. तो प्रवासात अचानक उद्भवलेल्या आजारासाठी असतो, ठरवून करायच्या शस्त्रक्रियेसाठी नव्हे. परदेशातला नियोजित उपचार धरणाऱ्या महागड्या पॉलिसीही मिळतात, पण त्यात कोणते आजार धरले आहेत ते विकणाऱ्याच्या तोंडी न ऐकता कागदावर वाचावे.

खरी चुटपुट पुढेच आहे. हीच शस्त्रक्रिया भावाने मुंबईत केली असती तर क्लेम मंजूर होण्याची पुरेपूर शक्यता होती. वजन कमी करण्याचा खर्च विमा कंपन्या देतच नाहीत, असा समज बाजारात पक्का आहे आणि आमचाही तोच होता. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ साली सर्व कंपन्यांसाठी याची एकसारखी भाषा ठरवून दिली. तिच्यात नकार आहे, पण अटी पुऱ्या करणाऱ्याला नकार नाही. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि वैद्यकीय नियमांना धरून असावी. वय १८ किंवा जास्त असावे. बीएमआय, म्हणजे किलोंतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, ४० किंवा त्याहून अधिक असावा. तो ३५ ते ४० च्या दरम्यान असेल तर, इतर साधे उपाय करूनही उपयोग झाला नाही, अशा स्थितीत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखी जोड असावी लागते. भावाचा आकडा ४५ च्या वर निघतो. आम्ही तो कॅल्क्युलेटरवर काढला तेव्हा भाऊ समोरच बसले होते. दोघेही काही बोललो नाही.

नवी पॉलिसी घेणाऱ्यांनी प्रतीक्षाकाळ पाहावा. पॉलिसी घेण्याआधीपासूनच्या आजारासाठी किंवा नाव घेऊन सांगितलेल्या उपचारासाठी तो एप्रिल २०२४ च्या नियमांप्रमाणे जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता येतो. वजन आणि मधुमेह प्रस्तावाच्या फॉर्मवर खरे लिहावेत. एजंट म्हणतो म्हणून रकाना कोरा सोडू नये.

विमा गेला तेव्हा भाऊ सी.ए.कडे वळले. खर्च दुकानाच्या खात्यात टाका म्हणाले, तब्येत नसेल तर दुकान कोण चालवणार? सी.ए. साहेबांनी मान हलवली आणि एक निकाल सांगितला. नामांकित वकील शांतीभूषण यांनी अमेरिकेत हृदयाची शस्त्रक्रिया करून घेतली होती. तो खर्च त्यांनी वकिलीच्या उत्पन्नातून वजा मागितला. हृदय हे माझ्या व्यवसायाचे यंत्र आहे, ही त्याची दुरुस्ती आहे, असा त्यांचा मुद्दा होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ साली तो फेटाळला. हृदय तर प्रत्येकाला लागते, वकिलालाच नव्हे. एवढ्या मोठ्या वकिलाचे हृदय यंत्र ठरले नाही, तिथे आमच्या भावाचे पोट कुठून ठरणार! मालकाचा घरगुती खर्च धंद्यात टाकता येत नाही, हा नियम मुनीमजींनाही पाठ आहे.

८०डी म्हणून आपण ओळखतो ती वजावट प्रीमियमची आहे, साधारणपणे २५ हजारांपर्यंत आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी ५० हजारांपर्यंत. शस्त्रक्रियेच्या बिलाला ती लागू होत नाही. अपवाद एवढाच की विमा नसलेल्या ज्येष्ठ नागरिकाचा उपचारखर्च त्याच ५० हजारांत धरता येतो, पण रोखीने भरलेला नव्हे. ८०डीडीबीच्या यादीत कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणे असे आजार आहेत, लठ्ठपणा नाही. नव्या करपद्धतीत तर या दोन्ही वजावटी नाहीत. ज्यांची मुले नोकरीत आहेत त्यांच्यासाठी एक वाट आहे. नोकराच्या परदेशी उपचाराचा खर्च मालकाने केला, तर रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या मर्यादेपर्यंत तो नोकराच्या पगारात करपात्र धरला जात नाही.

पैसे पाठवताना बँकेच्या फॉर्मवर उद्देश 'वैद्यकीय उपचार' असाच लिहावा. एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत या कारणासाठी बँक टीसीएस कापत नाही. एजंटाने तीच रक्कम परदेशी सहलीचे पॅकेज म्हणून दाखवली तर टीसीएस पहिल्या रुपयापासून बसतो. ती रक्कम विवरणपत्रात आपल्या करातून वळती होते, पण तोवर तेवढे भांडवल अडकते.

भावाचे प्रकरण इथे मिटले नाही. चार महिन्यांनी उलट्या थांबेनात म्हणून त्यांना इथल्या हॉस्पिटलात आठ दिवस ठेवावे लागले. तिकडून आणलेले कागद तुर्की भाषेत. इथल्या सर्जनला शस्त्रक्रियेत नेमके काय केले तेच कळेना. इंग्रजीतील टिपण मागवण्यात दोन दिवस गेले. जाणाऱ्याने ते निघण्यापूर्वीच हाती घ्यावे. या आठ दिवसांचा उपचार तर भारतातच झाला, तरी मूळ शस्त्रक्रिया पॉलिसीबाहेरची म्हणून कंपनीने हाही क्लेम नाकारला. कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवले, महिनाभर थांबलो आणि मग विमा लोकपालांकडे अर्ज केला. त्याला फी नाही, वकीलही लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारानंतर एका वर्षात जावे लागते. अर्ज मराठीत आम्हीच लिहिला, भावाने सही केली. सुनावणी व्हायची आहे.