सीमुर्गचं पीस

फिरदौसीच्या ‘शाहनामा’त (पूर्ण झालं इ.स. १०१०; सुमारे ५० हजार द्विपदी) राजे पुष्कळ, पण अडीनडीला धावून येतं ते एक पाखरू, सीमुर्ग. झाल पांढऱ्या केसांनी जन्मला म्हणून बाप साम यानं त्याला अल्बुर्ज पर्वतापाशी टाकून दिलं. सीमुर्गनं त्याला घरट्यात वाढवलं आणि निरोप देताना स्वतःचं पीस दिलं : संकटात जाळ, मी येईन.

पीस पहिल्यांदा जळालं ते बाळंतपणात. झालची बायको रुदाबा अडली होती. सीमुर्गनं सांगितलं, तिला मद्य पाजून गुंगवा, कूस चिरा, शिवा, वर औषधी लावा. असा रुस्तम जन्मला! जादूपेक्षा शस्त्रक्रियाच म्हणायची ही. पुढं रुस्तमशी लढणाऱ्या, अभेद्य देहाच्या राजपुत्र इस्फंदियारला मारायला झाऊच्या लाकडाचा बाण डोळ्यांत मारण्याची युक्तीही सीमुर्गचीच.

‘सीमुर्ग’ अवेस्तातल्या ‘सएन’चा वंशज, म्हणजे आपल्या ‘श्येन’चा भाऊबंद. पण फारसीत ‘सी’ म्हणजे तीस, ‘मुर्ग’ म्हणजे पक्षी. या श्लेषावर फारसी कवी अत्तारनं अख्खं काव्य बेतलं : सीमुर्गच्या शोधात निघालेल्यांपैकी शेवटी तीसच पक्षी उरतात.