विश्लेषण : हातात सव्वापंधरा कोटी, खेळाडू पंधरा कोटींचा... मुंबई इंडियन्सला हार्दिक पंड्या परवडला कसा?

२६ नोव्हेंबर २०२३ च्या संध्याकाळी आयपीएलच्या संघांनी कायम ठेवलेल्या खेळाडूंची यादी जाहीर झाली, तेव्हा हार्दिक पंड्याचे नाव गुजरात टायटन्सच्या यादीत होते. दुसऱ्याच दिवशी तो मुंबई इंडियन्सचा झाला. मुंबईचे मालक देशातले सर्वांत श्रीमंत उद्योगपती, तेव्हा पैशांचा प्रश्नच कुठे येतो, असे अनेकांना वाटले. प्रत्यक्षात प्रश्न पैशांचाच होता. मात्र तो मालकाच्या खिशातल्या पैशांचा नव्हता.

मालक श्रीमंत असूनही अडचण कसली?

आयपीएलमध्ये प्रत्येक संघाला खेळाडूंच्या मानधनासाठी सारखीच रक्कम मिळते. तिला ‘पर्स’ म्हणतात. २०२३ च्या हंगामासाठी ती ९५ कोटी रुपये होती, २०२४ साठी १०० कोटी झाली. मालकाकडे कितीही संपत्ती असली तरी या मर्यादेपलीकडे मानधन देता येत नाही. डिसेंबर २०२२ च्या लिलावानंतर मुंबईच्या पर्समध्ये उरले होते अवघे ५ लाख रुपये.

मग जागा कुठून निघाली?

पर्स ५ कोटींनी वाढली, हा पहिला आधार. दुसरा आधार खेळाडू सोडून मिळवला. मुंबईने ११ खेळाडू मोकळे केले. त्यात ८ कोटींचा जोफ्रा आर्चर होता, तसेच ख्रिस जॉर्डन, झाय रिचर्डसन आणि रायली मेरेडिथ हे वेगवान गोलंदाजही होते. खेळाडू सोडला की त्याचे मानधन पर्समध्ये परत जमा होते. अशा रीतीने मुंबईच्या हाती १५.२५ कोटी आले.

गुजरातने २०२२ मध्ये हार्दिकला १५ कोटींना घेतले होते. संघांमधल्या रोखीच्या व्यवहारात खेळाडूचे चालू मानधन नव्या संघाच्या पर्समधून वजा होते. म्हणजे हार्दिक घेतल्यावर मुंबईकडे २५ लाख उरले असते. खेळाडू झाले असते १८ आणि नियमानुसार किमान संख्याही १८ च आहे. कागदावर सगळे बसत होते, पण मैदानावर बसत नव्हते. वेगवान गोलंदाज आधीच सोडले होते आणि २५ लाखांत २० लाखांच्या मूळ किमतीचा जेमतेम एक खेळाडू आला असता.

कॅमेरॉन ग्रीनचा बळी का?

यावरचा उपाय म्हणजे ऑस्ट्रेलियाचा अष्टपैलू कॅमेरॉन ग्रीन. मुंबईने त्याला वर्षभरापूर्वीच १७.५ कोटींना घेतले होते. तोही फलंदाजी आणि वेगवान गोलंदाजी करणारा, म्हणजे हार्दिकच्याच जागेचा. शिवाय परदेशी खेळाडू असल्याने अंतिम अकरातल्या चार परदेशी जागांपैकी एक तो अडवत होता.

रॉयल चॅलेंजर्स बंगळूरने हर्षल पटेल, वानिंदू हसरंगा आणि जोश हेझलवूड यांना सोडून मोठी रक्कम मोकळी केली होती. ग्रीन तिकडे गेला आणि मुंबईच्या पर्समध्ये १७.५ कोटी आले. त्यातून हार्दिकचे १५ कोटी गेले. शेवटी मुंबईकडे शिल्लक १७.७५ कोटी आणि रिकाम्या जागा ८. खेळाडू कायम ठेवण्याची मुदत संपली, तरी अदलाबदलीची मुदत १२ डिसेंबरपर्यंत होती. म्हणून यादी जाहीर झाल्यावरही हे व्यवहार करता आले.

१९ डिसेंबरला दुबईत झालेल्या लिलावात या पैशांतून जेराल्ड कुट्झी (५ कोटी), नुवान तुषारा (४.८ कोटी) आणि दिलशान मदुशंका (४.६ कोटी) हे तीन वेगवान गोलंदाज आले. म्हणजे ग्रीनच्या मानधनातून मुंबईला हार्दिक मिळालाच, वर गोलंदाजी उभी करायला पैसाही उरला.

गुजरातने कर्णधार सोडला तो कशासाठी?

गुजरातच्या पर्समध्ये १५ कोटी परत आले आणि ३८.१५ कोटी घेऊन हा संघ त्या लिलावात सर्वांत सधन ठरला. याशिवाय हस्तांतर शुल्क असते. ते दोन संघ आपसात ठरवतात, आकडा जाहीर होत नाही आणि सामंजस्याने त्यातला निम्म्यापर्यंत वाटा खेळाडूला मिळू शकतो. महत्त्वाचे म्हणजे हे शुल्क पर्समध्ये धरले जात नाही.

कसाऱ्याहून निघालेल्या गाडीला थळ घाटात ३७ ला १ असा चढ असतो. तो चढण्यासाठी मागून बँकर इंजिने लावतात आणि इगतपुरीला ती सुटतात. पुढे नाशिककडे जाणारी गाडी पाहणाऱ्याला त्यांचा मागमूसही दिसत नाही. हस्तांतर शुल्काचेही तसेच आहे. व्यवहार घाट चढतो तो त्याच्या जोरावर, पण पर्सच्या हिशेबात ते दिसत नाही. सर्वांना समान पर्स असली तरी मालकाची श्रीमंती उपयोगी पडते ती या वाटेने.

अमेरिकेत असे होते का?

योगायोग असा की त्याच डिसेंबरमध्ये बेसबॉलमधल्या लॉस एंजेलिस डॉजर्सने जपानच्या शोहेई ओहतानीशी १० वर्षांसाठी ७० कोटी डॉलरचा करार केला. बेसबॉलमध्ये मानधनाला पक्की कमाल मर्यादा नाही, मात्र ठरावीक रकमेवर खर्च गेला की दंडासारखा कर बसतो. ओहतानीने वर्षाला फक्त २० लाख डॉलर घ्यायचे आणि उरलेले ६८ कोटी २०३४ ते २०४३ या काळात, बिनव्याजी. त्यामुळे करासाठी त्याचा वार्षिक भार ७ कोटींऐवजी सुमारे ४.६ कोटी डॉलर धरला जातो. आयपीएलमध्ये खेळाडू सोडून जागा केली जाते, डॉजर्सने मुदत पुढे ढकलून केली.

मग सौदा फायद्याचा ठरला का?

हिशेब चोख होता, पण काही किंमत पर्समध्ये मोजता येत नाही. १५ डिसेंबरला मुंबईला पाच विजेतेपदे मिळवून देणाऱ्या रोहित शर्माच्या जागी हार्दिक कर्णधार झाला. २०१५ मध्ये १० लाखांत याच संघात आलेल्या हार्दिकची वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. मदुशंका दुखापतीमुळे एकही सामना खेळला नाही. १४ पैकी ४ सामने जिंकून मुंबई गुणतक्त्यात शेवटच्या, दहाव्या क्रमांकावर राहिली.

महागडा खेळाडू परवडवायचा म्हणजे पैसा आणण्यापेक्षा जागा करणे अधिक महत्त्वाचे असते. ग्रीनला पाठवून मुंबईने पर्समध्ये ती जागा केली. प्रेक्षकांच्या मनात मात्र ती जागा रोहितची होती आणि ती कोणत्याही व्यवहाराने मोकळी होणारी नव्हती.