शीडजहाजांचे प्रशिक्षण आणि यजमान बंदरे : ‘तरंगिणी’ व लर्विक यांच्या संदर्भात

बीजसंज्ञा : शीडजहाज, सागरी प्रशिक्षण, यजमान बंदर, युवक विकास

प्रस्तावना :

वाफेच्या व त्यानंतर तेलाच्या इंजिनामुळे महासागरी व्यापारातून मोठी शीडजहाजे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जवळजवळ नाहीशी झाली. तरीही अनेक देशांची नौदले व सेवाभावी संस्था उंच डोलकाठ्यांची जहाजे आजही बाळगतात. यामागे केवळ गतवैभवाचे आकर्षण असावे, असा सर्वसाधारण समज आहे. या जहाजांचे खरे प्रयोजन शैक्षणिक आहे आणि त्यांचे स्वागत करणारे बंदरही त्या शिक्षणाचा भाग ठरते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

तरंगिणी : रचना व कार्य

भारतीय नौदलाचे ‘तरंगिणी’ हे प्रशिक्षण जहाज गोवा शिपयार्ड लिमिटेडने वास्को येथे बांधले. त्याचा आराखडा ब्रिटिश नौकारचनाकार कॉलिन मुडी यांचा असून ११ नोव्हेंबर १९९७ रोजी ते नौदलात दाखल झाले. २००३-०४ मध्ये त्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. त्याच धर्तीचे, गोव्यातच बांधलेले ‘सुदर्शिनी’ हे जहाज २०१२ मध्ये दाखल झाले.

सुमारे ५४ मीटर लांबीच्या ‘तरंगिणी’ला तीन डोलकाठ्या आहेत. पुढील दोन काठ्यांवर आडव्या वाशांना बांधलेली चौकोनी शिडे, तर मागील काठीवर जहाजाच्या लांबीच्या दिशेने लावलेली शिडे असतात. सुमारे तीस प्रशिक्षणार्थींची यात सोय आहे. चौकोनी शीड उभारणे किंवा गुंडाळणे एकट्याने शक्य नसते. अनेकांना एकाच वेळी दोर ओढावे लागतात आणि काहींना वर चढून वाशावर उभे राहावे लागते. शिडांच्या जोरावर थेट वाऱ्याच्या तोंडावर जाता येत नाही. तिरप्या दिशेने, वळसे घेत पुढे सरकावे लागते. त्यामुळे वारा, लाट व प्रवाह यांचे ज्ञान पुस्तकातून नव्हे, तर अंगमेहनतीतून मिळते. उपग्रहाधारित साधनांच्या काळातही नौदले ही पद्धत सोडत नाहीत, याचे कारण येथे सापडते.

आंतरराष्ट्रीय शर्यत व लर्विकचे उदाहरण :

१९५६ साली इंग्लंडमधील टॉर्बे ते लिस्बन अशी शीडजहाजांची शर्यत झाली. मावळत्या युगाला निरोप, असे तिच्याकडे पाहिले गेले. प्रत्यक्षात तिच्यातूनच आजची ‘टॉल शिप्स रेसेस’ ही परंपरा उभी राहिली. सहभागी जहाजावरील किमान निम्मे मनुष्यबळ १५ ते २५ वयोगटातील असावे, हा तिचा प्रमुख नियम आहे. विशेष म्हणजे सर्वांत मानाचा चषक वेगासाठी नसून आंतरराष्ट्रीय मैत्रीसाठी दिला जातो. ‘तरंगिणी’ने २०१८ मध्ये या शर्यतींत भाग घेतला.

यजमान बंदराची भूमिका स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवरून ध्यानात येते. साठ अंश उत्तर अक्षांशानजीकच्या लर्विक या बंदराची वस्ती सुमारे सात हजार. ब्रेसे बेटाच्या आडोशामुळे त्याला नैसर्गिक संरक्षण लाभले आहे. १९९९, २०११ आणि २०२३ अशा तीन वेळा या छोट्या गावाने जहाजांच्या ताफ्याचे यजमानपद भूषविले. यजमानपद म्हणजे केवळ धक्क्यावर जागा देणे नव्हे. जहाजे नागरिकांसाठी खुली होतात, नाविकांची मिरवणूक निघते आणि ताफा निघताना स्थानिक युवकांनाही प्रशिक्षणार्थी म्हणून जाण्याची संधी मिळू शकते. लर्विकमध्येच १९०० साली बांधलेली ‘स्वॉन’ ही मासेमारी नौका दुरुस्त करून प्रशिक्षणासाठी वापरली जाते. म्हणजेच पाहुणे निघून गेल्यावरही तेथे शिडाचे शिक्षण सुरू राहते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने विचार :

फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय नौदल संचलन झाले. असे संचलन राष्ट्राच्या सामर्थ्याचे दर्शन घडविते. परंतु त्यात सर्वसामान्य युवक प्रेक्षकच राहतो. शीडजहाजांच्या मेळाव्यात मात्र तो दोर हाती घेतो. गुराब व गलबतांचे मराठा आरमार, तांडेल, सुकाणू, डोलकाठी अशी समृद्ध शब्दसंपदा आणि गोव्यातील जिवंत नौकाबांधणी हा वारसा आपल्याकडे आहे. तो वस्तुसंग्रहालयापुरता उरू नये, यासाठी कोकणातील बंदरांनी जुन्या बांधणीच्या नौका युवक प्रशिक्षणासाठी वापरण्याचा विचार करणे उचित ठरेल.

पाथर्डी तालुक्यातील तिसगावसारख्या अवर्षणप्रवण परिसरातील महाविद्यालयांना हा विषय दूरचा वाटू शकेल. तथापि या प्रशिक्षणासाठी पूर्वानुभवाची किंवा किनाऱ्यावरील जन्माची अट नसते. तेथे लागतात ते धैर्य, शिस्त व सहकार्य. आणि हे गुण दुष्काळी भागातील विद्यार्थ्यांत कमी नाहीत. त्यांच्यापर्यंत माहिती पोहोचविण्याचे काम मात्र प्राध्यापकांनाच करावे लागेल.

निष्कर्ष :

१. शीडजहाज हे आजही सांघिक शिक्षणाचे प्रभावी साधन आहे.
२. यजमान बंदराचे यश गर्दीवर नव्हे, तर स्थानिक युवकांच्या सहभागावर मोजावे.
३. सागरी शिक्षणाच्या संधी अंतर्देशीय महाविद्यालयांपर्यंत नेणे आवश्यक आहे.