खाडीकाठचा परिसर अभ्यास

ऐरोलीच्या मुलांना विज्ञान पहिल्यांदा भेटते ते तिसरीत, ‘परिसर अभ्यास’ या नावाने. परिसर तर हेवा वाटावा असा. शेजारी ठाणे खाडी, तिथे 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य, 2022 मध्ये मिळालेला रामसर दर्जा आणि वन विभागाने 2017 मध्ये उघडलेले सागरी जैवविविधता केंद्र. ओहोटीला चिखलावर निवट्या उड्या मारतात, तिवरांची श्वसनमुळे उघडी पडतात. शाळा इथे येतात त्या बहुधा सहलीला. रांग, फोटो, डबा, परत.

मुलांना विज्ञान नीट शिकवण्याचे प्रयत्न आपल्याकडे कमी झालेले नाहीत. आज खाडीपलीकडे मानखुर्दला असलेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974 मध्ये सुरू झाले. डॉ. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या शाळांपर्यंत गेले. पुस्तकी भाषाच मुलांना अडवते, हे त्यांनी गांभीर्याने घेतले. पुढे तिथल्याच जयश्री रामदास यांची ‘स्मॉल सायन्स’ ही तिसरी ते पाचवीची पुस्तके आली. त्यांत मुलाने पाहायचे, मोजायचे, चित्र काढायचे. मध्य प्रदेशात 1972 पासून चाललेला होशंगाबादचा उपक्रम सहावी ते आठवीचा, पण वाट तीच. 2002 मध्ये सरकारने तो बंद केला. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घेऊन भूमिती मांडणारे अरविंद गुप्ता तिथूनच पुढे आले आणि नंतर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रात रमले.

म्हणजे साहित्य स्वस्त आहे, पुस्तके आहेत. अडते ते वेळापत्रकाशी. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात धडा ‘संपवायचा’ असतो आणि खाडी काही तासाच्या घंटेवर भरत नाही.

माझ्या मते ऐरोलीच्या चौथीला एकच गोष्ट पंधरवडाभर द्यावी: भरतीची वेळ. मुंबई किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे, तिथीच्या आकड्याची पाऊणकी, म्हणजे पाऊणपट, केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. (पाऊणकीचा पाढा शाळेतून केव्हाच गेला, या निमित्ताने परत आला तर बरेच.) दिवा कोळीवाड्यातल्या एखाद्या आजोबांना विचारावे, खाडीवरच्या पुलावरून पाणी पाहावे, वहीत वेळ लिहावी. ऐरोली खाडीत आत असल्याने पाणी हिशेबापेक्षा उशिराने भरते, हे वहीतच दिसेल.

खरी गंमत पंधरवड्याच्या शेवटी. पौर्णिमेची पाऊणकी सव्वाअकरा आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला एकदम पाऊण! रोज 45 मिनिटांनी सरकणारा हिशेब इथे दीड तास उडी मारतो. पाणी अशी उडी मारत नाही. पंधरा तिथींत भरती सुमारे बारा तास पुढे जाते, म्हणजे तिथीला 48 मिनिटे. पाऊणकी सोयीसाठी 45च धरते. रोजची ती तीन मिनिटे साठून 45 होतात आणि प्रतिपदेला वसूल केली जातात. एवढा भागाकार चौथीच्या मुलांना येतो.