फायरवॉल बंद न करता दुकानातले कॉम्प्युटर जोडा



लालबागमधलं मसाल्याचं दुकान असो, दादरचं साड्यांचं असो की गिरगावातल्या चाळीतून चालणारा फराळाचा व्यवसाय, सेटअप साधारण सारखाच. काउंटरवर एक कॉम्प्युटर, पोटमाळ्यावर एक लॅपटॉप आणि दोघांत मिळून एक प्रिंटर. एका मशीनवरचा बिलांचा फोल्डर दुसऱ्यावर दिसत नाही. मग कुणीतरी सांगतं, "फायरवॉल बंद कर, लगेच चालेल." चालतंही! पण ती परत चालू करायचं कुणाच्याच लक्षात राहत नाही.

फायरवॉल म्हणजे बिल्डिंगचा वॉचमन समजा. रहिवाशांना त्याने अडवू नये, अनोळखी माणसाला मात्र अडवावं. आपल्याला वॉचमनला काढून टाकायचं नाही, आपली माणसं कोण एवढंच सांगायचंय.

विंडोज ११ वर दोन्ही मशीनवर हे करा:

१. सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', मग तुमच्या वाय-फायच्या प्रॉपर्टीज उघडा. तिथे 'प्रायव्हेट नेटवर्क' निवडा. हॉटेलच्या किंवा स्टेशनच्या वाय-फायवर मात्र 'पब्लिक'च ठेवा.

२. 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये फायरवॉलच्या पानावर 'अलाऊ अ‍ॅन अ‍ॅप थ्रू फायरवॉल' उघडा. 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' आणि 'नेटवर्क डिस्कव्हरी' या दोघांसमोर फक्त 'प्रायव्हेट'वर टिक करा. 'पब्लिक' रिकामं.

३. अख्खा सी ड्राइव्ह नाही, फक्त लागेल तो फोल्डर शेअर करा. 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' चालू ठेवा.

अँटीव्हायरसची वेगळी फायरवॉल असेल तर त्यात 'ट्रस्टेड नेटवर्क'सारखा पर्याय शोधा आणि तिथे आपल्या राउटरची रेंज टाका. उदाहरणार्थ १९२.१६८.१.०, मास्क २५५.२५५.२५५.०. तुमची रेंज वेगळी असू शकते. वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये 'आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस' बघून घ्या.

आता गिऱ्हाइकाने वाय-फायचा पासवर्ड मागितला तर? राउटरवर 'गेस्ट नेटवर्क' चालू करून तो पासवर्ड द्या. नाहीतर आपण ज्याला 'प्रायव्हेट' म्हणालो, त्यात अख्खा बाजार शिरला!

एवढी काळजी कशाला? विंडोजमध्ये फाइल शेअरिंग मुख्यतः ४४५ नंबरच्या पोर्टवरून चालतं. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' याच रस्त्याने एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर पसरला. पुढच्याच महिन्यात 'नॉटपेट्या' आला. त्यानेही हा रस्ता वापरला आणि आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम विस्कळीत झालं. यात शिकण्यासारखी गोष्ट अशी, की ती फट बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिला होता. म्हणून दुकान बंद करताना 'अपडेट अँड शट डाउन' दिसलं, तर उद्यावर ढकलू नका. आणि राउटरवर ४४५ पोर्ट बाहेरच्यांसाठी कधीही उघडू नका.

अजून एक. आतलंच एखादं मशीन बिघडलं तर शेअर केलेला फोल्डरही सोबत जातो. तिथे फायरवॉलचा फारसा उपयोग नाही. त्यामुळे आठवड्यातून एकदा बिलांचा बॅकअप वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. गणपतीच्या गर्दीत उधारीची यादी गेली, तर वसुली कुणाकडून करणार?

आज शटर ओढण्याआधी एवढंच बघा: फायरवॉल चालू आहे ना? 'पब्लिक'वरची टिक काढली आहे ना? दहा मिनिटांचं काम आहे, करून टाका!