लसूण सोलण्याच्या सुलभ पद्धती

लसूण हा भारतीय आहारातील नित्याचा पदार्थ होय. माळव्यातील मंदसौर व नीमच या जिल्ह्यांत त्याचे पीक मोठ्या प्रमाणावर घेतले जाते. रोजच्या फोडणीपुरत्या चार पाकळ्या सोलणे फारसे कष्टाचे नसते. परंतु लग्नकार्यासाठी अथवा लोणच्यासाठी दोन-तीन किलो लसूण सोलावयाचा झाल्यास घरातील स्त्रियांचा अर्धा दिवस त्यात खर्ची पडतो. शिवाय लसणाच्या रसाने बोटांची आग होते ती वेगळीच.

प्रत्येक पाकळीवर पातळ परंतु चिवट साल असते. ताज्या लसणातील ओलाव्यामुळे ती गराला घट्ट चिकटून राहते. म्हणून साल वाळवून ठिसूळ करणे किंवा भिजवून सैल करणे, या दोन तत्त्वांवर पुढील बहुतेक पद्धती आधारलेल्या आहेत.

वाटणासाठी थोड्या पाकळ्या हव्या असल्यास त्यांचा बुडखा कापून त्या वाटीच्या बुडाने हलकेच दाबाव्यात. साल तडकून सहज निघते. मात्र पाकळी ठेचली गेली की तिचा उग्र वास सुटतो. असा लसूण लगेच वापरावा.

पाकळ्या अखंड हव्या असल्यास त्या कोमट पाण्यात १५ ते २० मिनिटे भिजवून सोलाव्यात. लोणच्यासाठी त्या पुसून पूर्ण कोरड्या करणे आवश्यक असते.

लसूण अधिक असल्यास सुट्या पाकळ्यांना तेलाचा हात लावून त्या दोन-तीन तास कडक उन्हात ठेवाव्यात. नंतर जाड फडक्यात चोळून सुपात पाखडल्यास बरीचशी साले उडून जातात. वाळलेल्या लसणाच्या पाकळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात अर्ध्यापर्यंत भरून अर्धा मिनिट जोराने हलविल्यासही साल सुटते.

काम सोपे झाले म्हणजे लसूण एकदम सोलून तेलात बुडवून ठेवण्याचा मोह होतो. येथे मात्र सावधगिरी बाळगली पाहिजे. मातीतून लसणावर येणारे क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हे जंतू तेलाखाली, हवेचा संपर्क तुटल्यावर, प्राणघातक विष निर्माण करू शकतात. त्यामुळे पदार्थाचा वास वा चव बदलेलच असे नाही. कॅनडातील व्हँकूव्हर येथे १९८५ साली एका उपाहारगृहातील अशा तेलातील लसणामुळे ३६ जणांना विषबाधा झाली. तो लसूण शीतकपाटाबाहेर ठेवलेला होता.

यास्तव सोललेला लसूण कोरड्या, झाकणबंद डब्यात घालून शीतकपाटातच ठेवावा. तेलात घातलेला लसूणही तेथेच ठेवून तीन-चार दिवसांत संपवावा. ज्या घरी शीतकपाट नसेल, तेथे त्या दिवसापुरताच लसूण सोलावा व उरलेले गड्डे सालीसकट हवेशीर, कोरड्या जागी टांगून ठेवावेत. सालीतील लसूण कित्येक महिने टिकतो. निसर्गाने त्याला दिलेले हे आवरण गरज पडेपर्यंत न काढणेच हिताचे होय.